नावापुढचा खा

वराळे,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

धम्मदीप,

सप्रेम जयभीम. वर 'चिरंजीव' लिहिणार होते, पण सेहेचाळीस वर्षांच्या बाप्याला चिरंजीव म्हटलं तर तो चिडेल, आणि 'श्रीयुत' लिहिलं तर मीच चिडेन. म्हणून नुसतं नाव.

पत्ता प्रतीक्षाने दिला. टाकव्याच्या काकांची ही नात तुझ्याशीही बोलते आणि माझ्याशीही, म्हणजे आपल्या घराण्यात एक तरी शहाणं माणूस निपजलं. तिच्यावर रागावू नकोस, मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस. पण मी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, टपाल असं अडवता येत नाही. फार तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवशील. खुशाल पाठव. मुद्दाम साधं तिकीट लावलं आहे, पोच मागितलेली नाही.

लिहायचं कारण एवढंच की झुंबरबाईंची खानावळ बंद होते आहे. ३० तारखेला, रविवारी दुपारी शेवटची पंगत. मावशींचे गुडघे पार गेले. जिना चढताना कठडा धरून एका पायरीवर दोन्ही पाय ठेवतात, मग पुढची पायरी. त्यांचा मुलगा सावळा त्यांना वडिवळ्याला घेऊन जाणार आहे. चाळीस वर्षं लोणावळ्याच्या बाजारात लोकांना जेवू घातलं, आता म्हणतात, "सून वाढंल ते खायाचं आन् धरनाकडं बगत बसायचं." बसतील असं मला वाटत नाही, पण म्हणतात.

जुन्या मेंबरांना कळवायचं ठरलं. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून ते काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. यादीत तुझं नाव होतं म्हणून तुलाही कळवलं. तू यायलाच पाहिजेस असं काही नाही. मलासुद्धा हे कळलं ते पेन्शनच्या कामाला लोणावळ्याला गेले होते, सहज वर डोकावले, म्हणून.

मी बरी आहे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि वराळ्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. इमारतीला लिफ्ट आहे. ती बंद पडली की तुझी आठवण येते. पंधरवड्यातून एकदा तरी पडते.

शालन


वराळे,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

धम्मदीप,

मागच्या पत्रात एक थाप मारली, ती आधी निस्तरते. पेन्शनचं लोणावळ्यात माझं काहीही काम नसतं. मी रोज जाते. रविवारीसुद्धा. तळेगावहून सकाळचीच लोकल धरावी लागते, कारण दुपारी गाड्यांना मोठा खंड असतो. दहाच्या सुमाराला उतरते आणि पंगत बसते साडेबाराला. मधल्या अडीच तासांत काय करते ते विचारू नकोस. बाजारातून दोन फेऱ्या, तलावापर्यंत जाऊन परत, मग पोस्टात. तिथली नवी मुलं मला बघून खुर्ची पुढे करतात आणि मी घाईत असल्याचं सांगून निघते. कुठेच बसवत नाही. घरी तर मुळीच नाही. एका माणसाचा भात कुकरला लावायचा आणि शिट्टीची वाट बघत ओट्याशी उभं राहायचं, हे मी चार दिवस केलं. पाचव्या दिवशी गाडीत बसले, ती अजून बसतेच आहे.

खानावळ होती तशीच आहे. भाजी मंडईमागचा लाकडी जिना, दारावर पाटी नाही, आत सहा बाकडी. चुलीने काळा झालेला कोपरा गॅस आल्यावरही कुणी रंगवला नाही. भाकरी आजही मावशी स्वतः थापतात, आता स्टुलावर बसून. आमटी, एक सुकी भाजी, ठेचा आणि शेवटी भात, बुधवारी-रविवारी रस्सा. यंदाचा नवा इंद्रायणी परवाच वडिवळ्याहून आला. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून आदिनाथभाऊ कुरकुरले आणि तिसऱ्यांदा मागून घेतला. तेच आदिनाथभाऊ, रेल्वेतले, आपल्या समोर बसायचे. दात नवे बसवलेत, तक्रारी जुन्याच आहेत.

मी सत्त्याऐंशी साली लोणावळ्याच्या पोस्टात लागले तेव्हा बाजारात आणखी एक खानावळ होती. तिथल्या मालकांनी मला दारातच आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांच्याकडची जागा संपली. झुंबरबाईंनी विचारलं, "भाकर का चपाती?" एवढंच. तू तेव्हा आठ वर्षांचा, टाकव्याला आईजवळ. हे तुला मी शंभरदा सांगितलं आहे आणि दर वेळी तू मान न वर करता 'हो ताई' म्हणायचास. हे एकशे एकावं.

आणि ताटांचं. मी जेवायला लागल्यावर एका जुन्या मेंबराने स्वतःचं ताट घरून आणलं. का ते मावशींना समजलं. म्हणाल्या, "लय ब्येस. मंग समद्यांनीच आपापलं आना." सगळ्यांनी आणली, आणि मावशींनी सगळी एकाच पाण्यात धुऊन एकाच मांडणीत लावली. तेव्हापासून नाव कोरलेल्या ताटाची पद्धत पडली. तू दहावी झालास तेव्हा तुझं ताट मी घेतलं. भांड्याच्या दुकानातल्या कोरणाऱ्याने 'धम्मदिप' लिहिलं, दि ऱ्हस्व. मी त्याच्याशी भांडायला लागले तर तू म्हणालास, राहू दे ताई, भात वाढला की ऱ्हस्व-दीर्घ सगळं झाकलं जातं.

फळाही आहे. उद्या जो येणार नाही त्याने आज सांगायचं, म्हणजे मावशींना अंदाज येतो आणि भाकरी वाया जात नाही. न येण्याचं नाव खाडा. मावशी तोंडी सांगतात आणि मी त्या माणसाच्या नावापुढे खडूने 'खा' लिहिते. पहिल्यांदा फळा वाचलास तेव्हा तू हसत सुटला होतास. "ताई, जो जेवणार नाही त्यालाच तुम्ही खा म्हणता होय?"

जो कायमचा जाणार तो 'बंद' सांगतो आणि आपलं ताट घेऊन जातो. मांडणीत तुझं ताट नाही. माझी पाठ वळल्यावर येऊन ताट तेवढं न विसरता नेलंस. सोळा वर्षं झाली, मला ते अजून झोंबतं, म्हणून लिहून टाकलं.

शालन


वराळे,
बुधवार, १२ नोव्हेंबर

धम्मदीप,

उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नाही. तरी गाडीतून उतरले की पाय आपोआप भरभर पडायला लागतात आणि सोसायटीच्या पत्रपेट्यांपाशी येऊन थांबतात. आज पोस्टमन म्हणाला, "मॅडम, बँकेचं पाकीट आहे फक्त." त्या 'फक्त'वरून मी त्याला इतकं झापलं की उद्या माफी मागावी लागणार. मी नोकरीत असताना रोज शंभर लोकांना हेच 'फक्त' ऐकवत होते.

आज रस्सा होता. आम्ही पानांवर बसता बसता दोन पर्यटक मुलं मोबाईल धरून वर आली. कुणीतरी त्यांना सांगितलं म्हणे, की इथे जुन्या पद्धतीचं जेवण मिळतं. मावशी म्हणाल्या, "जेवाया आलाय का फोटू काडाया?" ती म्हणाली, दोन्ही. "मंग आदी जेवा. फोटूत वास येत न्हाई." आणि त्यांना नेमकं माझ्या शेजारी बसवलं, तुझ्या जागेवर. मी उठून खिडकीकडच्या बाकावर गेले, तिथे ऊन येत होतं म्हणून दाराकडे आले, शेवटी आदिनाथभाऊ म्हणाले, "शालनताई, जेवताय की गस्त घालताय?"

त्याच बाकावर आपलं झालं ना. तू म्हणालास, कंपनीचा राजीनामा दिला. तळेगावची कायमची नोकरी, जिच्यासाठी मी तीन साहेबांच्या दारात उभी राहिले होते, ती सोडून तू मित्राबरोबर कल्याणला लिफ्टची कामं करायला निघालास. देऊन झाल्यावर मला सांगितलंस, तेही भाजी वाढून घेता घेता. मग मी जे बोलले ते तुला पाठ असेल. भरल्या पंगतीत म्हटलं, "माझ्या ताटात वाढलास, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस." तुझा घास हातातच राहिला. म्हणालास, "ताट माझं आहे ताई. नाव वाच." मी म्हटलं, "नावसुद्धा मीच घातलंय त्यावर." आदिनाथभाऊंनी आमटीसाठी पुढे केलेली वाटी मागे घेतली. तू उठलास, ताट धुतलंस, मांडणीत ठेवलंस आणि एक अक्षर न बोलता जिना उतरलास.

माझं सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. अकरा वर्षांचा होतास तेव्हा आई गेली आणि मी तुला इकडे आणलं. तुझं शिक्षण व्हावं म्हणून मी काय काय सोडलं, तेही तुला पाठ आहे. राग येण्याचा मला हक्क होता. पण ज्या माणसाने कधी एका दिवसाचा खाडा सांगायचं चुकवलं नाही, त्याने असं न सांगता जावं? याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

शालन


लोकलमधून,
गुरुवार, १३ नोव्हेंबर, सकाळ

धम्मदीप,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच पेटीत हात घालावासा वाटला. असे हात घालणाऱ्यांना मी जन्मभर दटावलं.

तू न सांगता गेला नव्हतास. जाताना स्वयंपाकघरात वाकून मावशींना म्हणालास, "माझा खाडा." किती दिवसांचा ते बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी मावशींनी मला फळ्यावर घालायला सांगितलं, "धम्मदीप खाडा." मी विचारलं, तो असं म्हणाला? त्या म्हणाल्या, व्हय. मला त्याचाच राग आला. म्हणजे आठ दिवस रुसायचं, माझं डोकं निवायची वाट बघायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात ताटावर येऊन बसायचं! मी म्हटलं, "खाडा नाही. बंद." आणि तुझं नाव पुसलं. फडकं शोधण्याइतकाही धीर नव्हता, तळहाताने पुसलं.

मनात होतं, उद्या परत लिहीन. उद्या राग होता. परवा थोडा कमी होता. तिसऱ्या दिवशी बँकेत लागलेल्या एका नव्या माणसाचं नाव घालायचं होतं, ते मी तुझ्या रिकाम्या ओळीत घातलं. त्याच सुमाराला मांडणीतलं तुझं ताट दिसेनासं झालं. मला वाटलं, बघा, यालाही बंदच करायचं होतं. आणि धम्मदीप, मला तेव्हा बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे.

मळवली आलं. गाडी हलते म्हणून अक्षर असं आहे.

शालन


लोणावळा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

धम्मदीप,

खानावळीतच बसून लिहिते आहे. घरी जाईपर्यंत थांबवणार नाही.

आज पंगत उठल्यावर मावशींनी ताटं वेगळी करायला घेतली. ज्याचं त्याला परत द्यायची. काही माणसं वारली, त्यांची सावळा घरोघर पोचवणार आहे. मी एकेक काढून नाव वाचत होते. मांडणी रिकामी झाली तेव्हा मावशी म्हणाल्या, "तांदळाच्या कोठीमागं बग. फडक्यात हाय एक."

जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं ताट होतं. गाठ सोडली. धम्मदिप. दि ऱ्हस्व.

मी म्हटलं, हे इथे कसं? हे तर तो घेऊन गेला.

मावशी तवा घासत होत्या. घासता घासता म्हणाल्या, "त्यो कुटला नेतोय. तू नाव पुसलंस त्याच दिशी मी उचलून ठिवलं. तुजा राग काय मला नवा हाय व्हय? आज नाव पुसलं, उद्या ताट बी दिलं असतंस कुनाला."

"मग त्याला पोचवायचं तरी."

"आला व्हता की त्यो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी परत सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझे मला सुचत नाहीत.

"आट-धा दिसांनी आलता. पंगत उठली व्हती, तू हापिसात. हातात पिशवी व्हती. हितं उभा ऱ्हायला, फळ्याम्होरं. लय येळ वाचत ऱ्हायला. मंग म्हनला, मावशी, ताईनं पुसलं? मी म्हनलं, व्हय बाबा. खोटं कशापायी बोलू? जेव म्हनलं तर बसला न्हाई. ताट काडून हातात दिलं. त्यानं नावावरनं बोट फिरवलं आन् माज्याकडंच परत दिलं. म्हनला, असू द्या हितंच."

मी जवळजवळ ओरडलेच, "आणि सोळा वर्षं तुम्ही मला सांगितलं नाही?"

तेव्हा त्यांनी तवा खाली ठेवला. "तूच म्हनलीस, त्याचं नाव माज्याम्होरं काडायचं न्हाई. न्हाई काडलं. आन् त्योबी जाताना म्हनला, ताईला सांगू नका. दोगांचं बी ऐकलं. कुनाचं मोडू?"

तू आला होतास. सोळा वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, की ताट घ्यायला आला पण मला भेटायला आला नाही. आणि तू आठ-दहा दिवसांतच हा जिना चढून आलास, माझ्या अक्षरातली सगळी नावं वाचलीस आणि त्यांत तुझंच नव्हतं. मी पाच मिनिटांवर होते. कुणाला तरी तिकिटं देत बसले असेन. मला मावशींसमोरच रडू आलं, मला ते आवरलं नाही. त्या पिशवीत काय होतं रे?

रडून झाल्यावर म्हटलं, आता काय उपयोग, मीच बंद केलं ते. मावशी म्हणाल्या, "बंद कसं? ताट हितं हाय न्हवं? ज्यानं ताट न्हेलं न्हाई त्याचं बंद न्हाई. खाडाच."


वराळे,
शनिवार, २२ नोव्हेंबर

धम्मदीप,

गुरुवारी मी कल्याणला आले होते. मावशींना न विचारता ताट पिशवीत घातलं आणि निघाले. लोणावळा ते कल्याण दीड-दोन तास, काही विलायत नाही, आणि मला यायला सोळा वर्षं लागली. स्टेशनच्या पुलावर उभी राहिले. तुझा पत्ता मुठीत होता. खाली रिक्षावाले ओरडत होते, मी एकदा पायऱ्या उतरले, परत चढले, पुन्हा उतरले.

मग तिथेच एक गोष्ट लक्षात आली. तुझं दार वाजवून ताट हातात ठेवायचं, म्हणजे काय? खानावळीतून ताट घरी जातं ते वारलेल्या माणसाचं, नाही तर बंद झालेल्याचं. तू दार उघडशील, हातात ताट बघशील, आणि मी तोंडाने काहीही बोलले तरी तुला एकच अर्थ कळेल. एकदा फळ्यावर चुकले ते पुरे झालं. ताट घेऊन उलट्या गाडीने परत आले आणि होतं तिथे ठेवलं. त्या दिवशी फळ्यावर माझ्या नावापुढे 'खा' होता, दोन वर्षांतला पहिला.

म्हणून आता सरळ लिहिते. मी चुकले. नोकरी तुझी होती, ती ठेवायची की सोडायची हे तू ठरवायचं होतंस. मी तुला वाढवलं याचा मोबदला म्हणून तुझं आयुष्य मागत होते आणि तेही चारचौघांत. आणि तुझं नाव पुसलं, त्याला तर रागाचंही कारण पुरत नाही. तू सांगून गेला होतास, येणार होतास, आणि मला ते ठाऊक होतं.

पहिल्या पत्रात लिहिलेली यादी खोटी आहे. यादी वगैरे काही नव्हती. मी फक्त तुलाच लिहिलं.

ये रे. ३० तारखेला दुपारी. त्यानंतर फळा राहणार नाही आणि मांडणीही राहणार नाही. ताट मी माझ्याकडे आणीन, नीट ठेवीन, पण मग तो तुझा खाडा आहे की बंद, हे सांगणारं कुणी उरणार नाही. मला ते बंद व्हायला नको आहे.

प्रतीक्षाने तुझ्या मुलीचा फोटो दाखवला. कपाळ अगदी आईचं आहे. नाव यशोधरा म्हणे. एवढं मोठं नाव, कोरणारा काय वाट लावील कोण जाणे.

तुझी ताई


लोणावळा,
शनिवार, २९ नोव्हेंबर

धम्मदीप,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. ते पोचायच्या आधी तू इथे असशील. पण सवय लागली आणि हात स्वस्थ बसत नाहीत.

काल ऐन पंगतीत पोस्टमन जिना चढून वर आला. हातात पोस्टकार्ड. मी वाटीसकट उठले आणि हात पुढे केला, तर म्हणाला, "मॅडम, झुंबरबाईंच्या नावाचं आहे." मावशींनी हात पदराला पुसले, कार्ड उलटसुलट बघितलं आणि माझ्याकडे दिलं. "वाच. मोट्यानं वाच, समद्यांना ऐकू दे."

नोकरीत मी किती म्हाताऱ्यांना त्यांच्या मुलांची पत्रं वाचून दाखवली. कालच्यासारखी कधी अडखळले नाही.

"झुंबरमावशींना जयभीम. खानावळ बंद होणार असं कळलं. रविवारी माझा खाडा मोडा. ताट नेहमीच्या जागी लावा. सोबत दोघी आहेत, त्यांना साधी ताटं चालतील. पोरगी तिखट खात नाही. धम्मदिप."

ऱ्हस्व. तू सही दीर्घ करतोस, शाळेपासून.

मी कार्ड दोनदा उलटून पाहिलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. 'ताईला सांगा' नाही, 'पत्रं मिळाली' नाही. मी स्वतःला समजावलं, की बरोबर आहे, ज्यांनी ताट जपलं त्यांना भेटायला येतो आहे. कार्ड मावशींना परत दिलं आणि आमटी पुढे ओढली. 

मावशी माझ्यासमोर उभ्याच होत्या. "कुटं लावाया सांगितलंय त्यानं ताट?"

"नेहमीच्या जागी."

"ती कुटली?"

"मावशी, तुम्हाला माहीत आहे."

"मला हाय. तू सांग."

मी म्हटलं, "माझ्या शेजारी."

"मंग?" म्हणाल्या आणि बाकडी धरत भाकरीकडे गेल्या.

आज दुपारपासून नुसती येरझार चालली आहे. ताट चिंचेने घासलं, परत घासलं. मुलीसाठी तिखट न घालता थोडी आमटी वेगळी काढायची हे मावशींना चार वेळा बजावलं, चौथ्या वेळी त्यांनी मला बाहेर काढलं. प्रतीक्षाला फोन करून तुझ्या बायकोचं नाव विचारलं. सोळा वर्षांत ते मी विचारलं नव्हतं. निर्मला. पत्ता मिळवला, मुलीचं नाव मिळवलं आणि हे विचारायचं राहिलं, यावरून तुझी ताई कशी आहे ते तिला आधीच सांगून ठेव.

मग उद्याचा फळा लिहायला घेतला. शेवटचा. सगळ्यांची नावं लिहिली, निर्मला लिहिलं, यशोधरा लिहिलं. तुझं नाव माझ्या खाली लिहिलं, ताटावर आहे तसंच, दि ऱ्हस्व. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून अशुद्ध लिहिलं. आणि तुझ्या नावापुढे 'खा' लिहिला, ठळक.

आदिनाथभाऊ चष्मा पुसत फळ्याजवळ आले. म्हणाले, "अहो शालनताई, तो उद्या येणार आहे ना? मग त्याच्यापुढे खाडा कशाला मांडलात?"

मी म्हटलं, "खाडा नाही तो, भाऊ. नीट वाचा."

ताई